समलिंगी विवाहाचे कायदे आणि धर्मस्वातंत्र्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क देणारा जगातला पहिला कायदा नेदरलँड्समध्ये १ एप्रिल २००१ रोजी अमलात आला. त्यानंतर जिथे जिथे असा कायदा आला, तिथे एक प्रश्न त्याच्या पाठोपाठ आला : ज्यांच्या श्रद्धेला असं लग्न मान्य नाही, त्यांचं काय? या प्रश्नावर सर्वांत जास्त खटले अमेरिकेत झाले, म्हणून खालच्या उत्तरांत अमेरिका बरीच येईल. पण काही पेच ब्रिटन, कॅनडा, दक्षिण आफ्रिका या देशांनी अधिक नीट सोडवले आहेत, किंवा चुकून दुरुस्त केले आहेत. तेही सोबत घेतलं आहे.

कायदा झाला की पाद्री, रब्बी, इमाम यांना समलिंगी जोडप्यांची लग्नं लावावीच लागतात का?

नाही. ही भीती सर्वांत जास्त पसरवली जाते आणि सर्वांत कमी खरी आहे.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा होण्याआधीच, डिसेंबर २००४ मध्ये, सांगून ठेवलं होतं की धर्मगुरूंना त्यांच्या श्रद्धेविरुद्ध लग्न लावायला भाग पाडता येणार नाही, कारण देशाच्या हक्कांच्या सनदेतलं धर्मस्वातंत्र्य त्यांना संरक्षण देतं. २००५ च्या कायद्यात तेच पुन्हा लिहिलं गेलं. न्यूझीलंडने २०१३ साली तशीच तरतूद केली. अमेरिकेत तर पहिल्या घटनादुरुस्तीमुळे सरकारला धार्मिक विधीत हात घालताच येत नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २६ जून २०१५ च्या ओबर्गफेल निकालाने समलिंगी विवाह देशभर वैध केला. बहुमताचा तो निकाल लिहिताना न्या. अँथनी केनेडी यांनी, ज्यांना धर्मामुळे हा विवाह अमान्य आहे त्यांना आपली शिकवण सांगत राहण्याचा हक्क आहे, हे स्पष्ट नोंदवलं.

अगदी रोजचा पुरावा हवा असेल तर घटस्फोटितांकडे पाहा. कॅथलिक चर्च पहिला विवाह चर्चच्या नियमांनुसार रद्दबातल ठरल्याशिवाय दुसरा लावत नाही. ऑर्थोडॉक्स रब्बी ज्यू नसलेल्या व्यक्तीशी ज्यू व्यक्तीचं लग्न लावत नाहीत. ही दोन्ही लग्नं सरकारदरबारी पूर्ण वैध असतात, तरी कुठल्याही न्यायालयाने पाद्र्याला किंवा रब्बीला ती लावायला लावलेली नाहीत. समलिंगी विवाहाचीही गोष्ट तीच.

मग कायद्यात ते वेगळं लिहायची गरज काय?

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी गरज होती ती दिलाशाची. टेक्ससने २०१५ मध्ये केवळ धर्मगुरूंच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा केला. कायद्याच्या दृष्टीने त्याने नवं फारसं काही दिलं नाही, पण खटला अखेरीस जिंकणार असलो तरी तो लढायला पैसा आणि वर्षं लागतात, ही छोट्या चर्चची चिंता खरी असते. असा दिलासा देण्यात कुणाचं काही जात नाही.

इंग्लंडमध्ये मात्र ती गरज खरोखरच कायदेशीर होती. चर्च ऑफ इंग्लंड हे राज्याचं अधिकृत चर्च. आपल्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, राहणाऱ्यांचं लग्न लावून देणं हे तिथल्या पाद्र्याचं जुन्या कायद्यानुसार कर्तव्य आहे. विवाहाची व्याख्या नुसती बदलली असती तर हे कर्तव्य समलिंगी जोडप्यांनाही लागू झालं असतं. म्हणून २०१३ च्या कायद्यात, ज्याला तिथे ‘चौपदरी कुलूप’ म्हटलं गेलं, ती व्यवस्था आली. कुठल्याही धर्मसंस्थेवर किंवा धर्मगुरूवर सक्ती नाही. संस्थेने आपणहून संमती दिल्याशिवाय तिच्या वास्तूत असं लग्न नाही. नकार दिला म्हणून समानता कायद्याखाली दावा नाही. आणि चर्च ऑफ इंग्लंड व चर्च इन वेल्स यांचं ते जुनं कर्तव्य समलिंगी विवाहाला लागू नाही.

डेन्मार्कने दुसरा रस्ता धरला. २०१२ पासून तिथल्या राष्ट्रीय चर्चमध्ये समलिंगी लग्नं होतात, पण एखाद्या पाद्र्याला ते पटत नसेल तर तो नकार देऊ शकतो आणि जोडप्यासाठी दुसरा पाद्री शोधून दिला जातो. चर्चचं दार उघडं आणि व्यक्तीच्या मनावर सक्ती नाही, ही मांडणी मला ब्रिटिश कुलपापेक्षा अधिक माणुसकीची वाटते. अर्थात चर्चने कुठले विधी करावेत हे संसदेने ठरवणं ज्यांना खटकतं, त्यांना ती पटणार नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

धर्मस्वातंत्र्य म्हणजे फक्त विरोध करणाऱ्यांचं स्वातंत्र्य का?

हा प्रश्न जितका विचारला जायला हवा तितका विचारला जात नाही. ज्यांचा धर्म असं लग्न लावायला सांगतो किंवा लावू देतो, त्यांचंही स्वातंत्र्य तितकंच खरं आहे. ब्रिटनमधल्या क्वेकर पंथीयांनी समलिंगी विवाह आपल्या पद्धतीने लावायचा निर्णय २००९ सालीच घेतला होता. कायदा बदलेपर्यंत त्या लग्नांना राज्याच्या लेखी विवाह म्हणून किंमत नव्हती.

अमेरिकेत युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या प्रॉटेस्टंट पंथाने २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या विवाहबंदीविरुद्ध खटला भरला. परवान्याशिवाय लग्न लावणं हा त्या राज्यात पाद्र्याचा गुन्हा होता आणि समलिंगी जोडप्याला परवाना मिळतच नव्हता. म्हणजे आपल्या श्रद्धेनुसार विवाहविधी करणारा पाद्री गुन्हेगार ठरण्याचा धोका होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये ती बंदी न्यायालयाने उठवली. पुढे एपिस्कोपल चर्चने २०१५ साली आणि चर्च ऑफ स्कॉटलंडने २०२२ साली आपल्या पाद्र्यांना अशी लग्नं लावायची मुभा दिली. ‘एका बाजूला धर्म, दुसऱ्या बाजूला समलिंगी माणसं’ अशी वाटणी करणारा माणूस, दोन्हीकडे असलेल्या माणसांना पुसून टाकतो.

विवाह नोंदवणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला श्रद्धेच्या कारणाने नकार देता येतो का?

इथून खरा वाद सुरू होतो. पाद्री आपल्या पंथाच्या वतीने उभा असतो, तर नोंदणी कार्यालयातला कर्मचारी राज्याच्या वतीने. जोडप्याला तिसरीकडे जायची सोय नसते, कारण परवाना देणारं राज्य एकच असतं.

सर्वांत गाजलेलं प्रकरण केंटकीमधल्या रोवन काउंटीचं. काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग. ओबर्गफेल निकालानंतर तिथे विवाह परवाने देणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हणजे काउंटी क्लार्कने, सगळ्याच जोडप्यांचे विवाह परवाने देणं थांबवलं. न्यायालयाचा आदेशही न पाळल्याने सप्टेंबर २०१५ मध्ये तिला पाच दिवस तुरुंगात राहावं लागलं. तिचा एक मुख्य आक्षेप होता तो परवान्यावर आपलं नाव छापलं जाण्याला. २०१६ मध्ये राज्याने फॉर्मच बदलला आणि क्लार्कचं नाव काढून टाकलं. हा उपाय आधीच झाला असता तर जोडप्यांची आणि त्या बाईंचीही फरफट टळली असती. फॉर्मचा मसुदा हा क्षुल्लक कारकुनी विषय वाटतो, पण अनेकदा माणसाचं मन अडतं ते अशाच एका ओळीवर.

ब्रिटनमध्ये, लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या एका विवाह निबंधकाने समलिंगी नागरी भागीदारीच्या (विवाहासारखे हक्क देणाऱ्या, पण विवाह न म्हटल्या जाणाऱ्या नात्याच्या) नोंदणीला नकार दिला. ती कामाला लागली तेव्हा असा कायदाच नव्हता, आणि सुरुवातीला सहकारी तिची पाळी घेत होते, म्हणजे कुठल्या जोडप्याची अडचण झाली नव्हती. तरीही पालिकेने शिस्तभंगाची कारवाई केली आणि युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये पालिकेच्या बाजूने निकाल दिला. दोन न्यायाधीशांनी विरोधी मत नोंदवलं. माझं मत त्या दोघांकडे झुकतं. काम अडत नव्हतं आणि नोकरीच्या अटी नंतर बदलल्या होत्या, अशा वेळी थोडी वाट करून द्यायला हरकत नव्हती.

उलट टोकाचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. २००६ च्या कायद्यातल्या सहाव्या कलमाने सरकारी विवाह अधिकाऱ्यांना लेखी आक्षेप नोंदवून सूट घेता येत होती. काही कार्यालयांत इतक्या अधिकाऱ्यांनी सूट घेतली की समलिंगी जोडप्याचं लग्न लावायला कुणी उरेना. हक्क पुस्तकात होता, खिडकीवर नव्हता. २०२० मध्ये संसदेने ते कलम रद्द केलं.

फ्रान्सने अशी सूट दिलीच नाही. विवाह लावणाऱ्या महापौरांना नकाराचा घटनात्मक हक्क नाही, असं घटना परिषदेने ऑक्टोबर २०१३ मध्ये ठरवलं. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या अपील न्यायालयानेही २०११ मध्ये विवाह आयुक्तांना नकाराची मुभा देणारा प्रस्तावित कायदा घटनाबाह्य ठरवला. मात्र त्याच प्रकरणात एक पर्याय चर्चेत आला. सगळे अर्ज एका मध्यवर्ती कार्यालयाकडे यावेत आणि कुणाला कुठलं काम द्यायचं ते तिथे आतल्या आत ठरावं. जोडप्याला कुणाचा नकार ऐकावाच लागत नाही.

यातला मधला मार्ग कुणी प्रत्यक्षात आणला आहे का?

हो, युटाने. २०१५ मध्ये तिथे दोन कायदे जोडीने झाले. एकाने समलिंगी आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींना नोकरी व घराच्या बाबतीत भेदभावापासून संरक्षण दिलं. दुसऱ्याने सांगितलं की प्रत्येक काउंटी क्लार्कच्या कार्यालयात लग्न लावायला तयार असलेली व्यक्ती कामाच्या वेळात उपलब्ध असलीच पाहिजे; क्लार्कने स्वतः लावावं किंवा दुसऱ्या कुणाला नेमावं. व्यक्तीला सूट आहे, कार्यालयाला नाही. मॉर्मन चर्चचा प्रभाव असलेल्या राज्यात, त्या चर्चच्या पाठिंब्याने, हे झालं.

त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनाने मॅजिस्ट्रेटना सूट दिली, पण अट घातली की सूट घेणाऱ्याने किमान सहा महिने कुठलंच लग्न लावायचं नाही. यामुळे निवडक नकाराला आळा बसला. लहान काउंटीत मात्र याचा अर्थ लग्न लावणाराच कमी होणं असा होऊ शकतो, आणि मनुष्यबळाचं काय याचं उत्तर अशा कायद्यात पक्कं लिहिलेलं असायला हवं.

केकवाल्यांचे खटले नेमके काय होते?

दोन खटले वारंवार एकमेकांत मिसळले जातात, म्हणून सावकाश पाहू.

पहिला कोलोरॅडोचा. २०१२ मध्ये लेकवुड इथल्या मास्टरपीस केकशॉपच्या मालकाने एका समलिंगी जोडप्याला लग्नाचा केक करून द्यायला नकार दिला. केकवर काय लिहायचं, तो कसा दिसेल, यावर बोलणं झालंच नव्हतं. ४ जून २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी दुकानदाराच्या बाजूने निकाल दिला. पण कारण वेगळं होतं. राज्याच्या नागरी हक्क आयोगाने सुनावणीत त्याच्या श्रद्धेबद्दल वैरभाव दाखवला आणि म्हणून ती सुनावणी निःपक्षपाती नव्हती, असं न्यायालय म्हणालं. दुकानदाराला नकाराचा हक्क आहे की नाही, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. या निकालाचा धडा सरकारी अधिकाऱ्यांसाठी मोठा आहे : कायदा लागू करा, पण समोरच्याच्या श्रद्धेची खिल्ली उडवू नका.

दुसरा बेलफास्टचा. अ‍ॅशर्स बेकरीकडे एका ग्राहकाने ‘समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या’ या अर्थाची घोषणा लिहिलेला केक मागितला. बेकरीने नाकारला. १० ऑक्टोबर २०१८ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बेकरीच्या बाजूने कौल दिला, कारण तो मजकूर त्यांनी कुणालाच लिहून दिला नसता. आक्षेप ग्राहकाच्या लैंगिकतेवर नव्हता, घोषणेवर होता. जे पटत नाही ते छापायला माणसाला भाग पाडता येत नाही.

माझ्या मते बेलफास्टच्या न्यायालयीन प्रवासातून निघालेली ही कसोटीच खरी उपयोगी आहे. वस्तू तीच, पण अमुक ग्राहकाला देणार नाही, हा भेदभाव. अमुक मजकूर कुणासाठीही लिहिणार नाही, हे अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य. लग्नाच्या केकवर काहीच लिहिलेलं नसताना तो केक स्वतःच संदेश ठरतो का, हे या कसोटीतूनही लगेच सुटत नाही हे खरं, पण निदान वाद योग्य जागी येतो.

३० जून २०२३ च्या ३०३ क्रिएटिव्ह निकालात अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय ६ विरुद्ध ३ मतांनी आणखी पुढे गेलं. लग्नाच्या वेबसाइट बनवू इच्छिणाऱ्या डिझायनरला समलिंगी लग्नासाठी वेबसाइट बनवायची सक्ती राज्य करू शकत नाही, असा तो निकाल. इथे लक्षात घ्यायचं ते असं की निकालाचा पाया धर्मस्वातंत्र्य नसून भाषणस्वातंत्र्य आहे. म्हणजे हा बचाव नास्तिकालाही मिळतो. पण तो ‘अभिव्यक्ती’ म्हणता येईल अशा कामापुरताच. मंडपाच्या खुर्च्या भाड्याने देणाऱ्याला त्याचा आधार मिळणं कठीण. विरोधी मत देणाऱ्या न्या. सोनिया सोटोमायर यांनी, जनतेसाठी खुल्या असलेल्या व्यवसायाला संरक्षित गटातल्या ग्राहकाला नाकारण्याचा घटनात्मक हक्क न्यायालयाने प्रथमच दिला, अशी कडक टीका केली.

हे सगळे खटले समलिंगी विवाहाच्या कायद्यामुळेच उद्भवले ना?

बहुतेक लोक असंच धरून चालतात. तारखा तपासा. कोलोरॅडोतला नकार २०१२ चा. तेव्हा त्या राज्यात समलिंगी विवाह वैध नव्हता. बेलफास्टचा केक २०१४ चा. उत्तर आयर्लंडमध्ये हा विवाह वैध झाला जानेवारी २०२० मध्ये. न्यू मेक्सिकोत एका फोटोग्राफी स्टुडिओने एका स्त्री-जोडप्याच्या समारंभाचे फोटो काढायला नकार दिला तो २००६ मध्ये, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टुडिओविरुद्ध निकाल दिला ऑगस्ट २०१३ मध्ये. तिथला विवाहहक्क आला त्या डिसेंबरमध्ये. न्यू जर्सीतल्या ओशन ग्रोव्हचं मंडपाचं प्रकरण (तपशील पुढच्या उत्तरात) २००७ चं, नागरी भागीदारीच्या काळातलं.

म्हणजे गाजलेले चार वाद, चारही विवाहाचा कायदा नसताना घडलेले. ते आले भेदभावविरोधी कायद्यांमधून, जे दुकानं, घरं, नोकऱ्या आणि सार्वजनिक सेवा यांना लागू असतात. विवाहाचा कायदा अडवून धरला असता तर यातला एकही टळला नसता, आणि विवाहाच्या कायद्यात कितीही सवलती लिहिल्या तरी भेदभावविरोधी कायद्याचा प्रश्न तिथे पूर्ण सुटत नाही. संसदेत तासन्‌तास चाललेली चर्चा बऱ्याचदा चुकीच्या कायद्यावर चाललेली असते.

धार्मिक संस्थांना आपल्या जागा लग्नासाठी द्याव्याच लागतात का?

पूजेची जागा असेल तर नाही. पण ओशन ग्रोव्हचा तपशील इथे कामाचा आहे. तिथल्या मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाशी संबंधित संस्थेने समुद्रकाठचा आपला मंडप सर्वांसाठी खुला ठेवला होता आणि त्या मोबदल्यात एका सार्वजनिक योजनेखाली मालमत्ता करात सूट घेतली होती. एका स्त्री-जोडप्याला नागरी भागीदारीच्या सोहळ्यासाठी मंडप नाकारल्यावर त्या मंडपापुरती सूट गेली. संस्थेला कुणी समारंभ लावायला सांगितलं नाही, तिची बाकीची प्रार्थनास्थळं तशीच राहिली. ‘सर्वांसाठी खुलं’ असं सांगून सवलत घेतली तर ते शब्द पाळावे लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

आयडाहोत कुअर डेलीन इथे दीक्षित पाद्री असलेलं एक दांपत्य नफ्यावर लग्नाचं चॅपल चालवत होतं. २०१४ मध्ये तिथे मोठं वादळ उठलं, पण शहराने त्यांच्यावर कारवाई केली नाही. धार्मिक संस्थांसाठीच्या सवलतीत ते बसतात असं मान्य केलं.

दत्तक आणि फॉस्टर केअर (मुलांचा तात्पुरता सांभाळ) चालवणाऱ्या धार्मिक संस्थांचं काय?

माझ्या दृष्टीने हा सगळ्यांत अवघड प्रश्न, कारण मध्ये मूल आहे.

बॉस्टनच्या कॅथलिक चॅरिटीजने २००६ मध्ये दत्तक देण्याचं काम थांबवलं; समलिंगी जोडप्यांना नाकारायचं असेल तर राज्याच्या नियमांनुसार परवाना राहत नव्हता. इलिनॉयमध्ये २०११ साली नागरी भागीदारीचा कायदा आल्यावर राज्याने अशा संस्थांशी असलेले करार संपवले. दोन्हीकडे अनेक दशकांचा अनुभव असलेली माणसं त्या कामातून गेली. दुसरीकडे, एखादं समलिंगी दांपत्य मूल वाढवायला तयार असताना, सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने त्यांना दारातून परत पाठवणं हाही मुलाचाच तोटा आहे.

फिलाडेल्फिया शहराने २०१८ मध्ये कॅथलिक सोशल सर्व्हिसेसकडे मुलं पाठवणं बंद केलं. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संस्थेच्या बाजूने निकाल दिला, तो एका मर्यादित कारणावर : शहराच्या करारातच अधिकाऱ्याला मर्जीनुसार अपवाद करायची मुभा होती. इतरांना अपवाद मिळू शकतो तर धर्माच्या कारणासाठी का नाही? अपवादाची जागाच नसलेला नियम असता तर काय झालं असतं, हे त्या निकालाने ठरवलं नाही. करार लिहिणाऱ्यांनी तो काळजीपूर्वक वाचावा.

राज्याने मुलांची नोंदणी आणि पालकांची तपासणी हे पायाभूत काम स्वतःकडे ठेवून, धार्मिक संस्थांना आधार आणि पाठपुराव्याचं काम दिलं, तर बराचसा संघर्ष निवळू शकतो असं मला वाटतं. त्यासाठी खर्च करायची तयारी मात्र लागते.

धार्मिक शाळा समलिंगी विवाह केलेल्या शिक्षकाला काढू शकते का?

अमेरिकेत ते शिक्षक काय शिकवतो यावर अवलंबून आहे. धर्मसंस्थेने आपले धर्मसेवक कोण हे ठरवावं, त्यात नोकरीविषयक कायदे आड येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एकमताने ठरवलं. २०२० मध्ये धर्मशिक्षण देणाऱ्या प्राथमिक शिक्षकांनाही हे तत्त्व लागू केलं. गणिताच्या शिक्षकाचं किंवा वाहनचालकाचं काय, याची रेषा अजून न्यायालयात ओढली जात आहे.

कॅनडात उलटा अनुभव आला. विवाहबाह्य आणि समलिंगी शरीरसंबंधांपासून दूर राहण्याची शपथ विद्यार्थ्यांकडून घेणाऱ्या ट्रिनिटी वेस्टर्न विद्यापीठाच्या नियोजित विधी महाविद्यालयाला वकिलांच्या संघटना मान्यता नाकारू शकतात, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये म्हटलं. त्यानंतर विद्यापीठाने ती शपथ विद्यार्थ्यांसाठी ऐच्छिक केली.

चर्च आणि धार्मिक विद्यापीठांची करसवलत जाईल का?

ही भीती हवेतून आलेली नाही. १९८३ मध्ये बॉब जोन्स विद्यापीठाची करसवलत अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने रद्द होऊ दिली, कारण ते विद्यापीठ धर्माच्या नावाने आंतरवंशीय प्रेमसंबंधांना बंदी घालत होतं. ओबर्गफेलच्या सुनावणीत न्या. सॅम्युअल अलिटो यांनी हेच समलिंगी विवाहाबाबत होईल का, असं विचारलं आणि सरकारी वकिलांनी तो मुद्दा निघू शकतो हे नाकारलं नाही. ते उत्तर धार्मिक वर्तुळात आजही आठवलं जातं.

२०२२ च्या संघीय कायद्याने या भीतीला थेट उत्तर दिलं. त्या कायद्याच्या आधारे कुणाचीही करसवलत, अनुदान, करार किंवा परवाना काढून घेता येणार नाही, असं त्यात लिहिलं आहे.

हा २०२२ चा अमेरिकी कायदा काय सांगतो?

‘रिस्पेक्ट फॉर मॅरेज अ‍ॅक्ट’वर अध्यक्ष जो बायडन यांनी १३ डिसेंबर २०२२ रोजी सही केली. त्याची तातडी निर्माण झाली ती त्या वर्षीच्या जूनमध्ये. गर्भपाताचा हक्क काढून घेणाऱ्या निकालात न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी ओबर्गफेलचाही फेरविचार व्हावा असं लिहिलं.

कायद्याने १९९६ चा विवाहाला स्त्री-पुरुषांपुरतं मर्यादित ठेवणारा संघीय कायदा रद्द केला. एका राज्यात वैध झालेला विवाह संघीय सरकारने आणि इतर राज्यांनी मानलाच पाहिजे, मग जोडीदारांचं लिंग किंवा वंश काहीही असो. मात्र हा कायदा राज्यांना परवाने द्यायची सक्ती करत नाही. ती सक्ती आजही ओबर्गफेल निकालातूनच येते.

धर्मस्वातंत्र्याच्या तरतुदी सिनेटमध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून घातल्या. चर्च, मशिदी, सिनेगॉग, मंदिरं, धार्मिक शाळा, सेवासंस्था अशा ना-नफा धार्मिक संस्था आणि त्यांचे कर्मचारी यांना विवाह लावण्यासाठी किंवा साजरा करण्यासाठी सेवा, जागा, वस्तू द्याव्या लागणार नाहीत, आणि नकार दिल्याबद्दल त्यांच्यावर दिवाणी दावा होणार नाही. कायद्याच्या सुरुवातीला, विवाहाविषयी भिन्न मतं असणारी माणसं प्रामाणिक आणि सन्मान्य असू शकतात, असंही नोंदवलं आहे. सिनेटने तो ६१ विरुद्ध ३६ मतांनी मंजूर केला. मॉर्मन चर्चने पाठिंबा दिला, कॅथलिक बिशपांच्या परिषदेने विरोध केला.

टीकाकारांचं म्हणणं असं की संरक्षण ना-नफा संस्थांपुरतं आणि विवाह सोहळ्यापुरतं आहे. आपल्या श्रद्धेनुसार व्यवसाय करणाऱ्याला यात काही नाही. सिनेटर माइक ली यांनी संरक्षण वाढवणारी दुरुस्ती मांडली, ती मंजूर झाली नाही. टीका वस्तुस्थितीला धरून आहे. पण इतक्या दुभंगलेल्या देशात दोन्ही बाजूंनी सही करण्याजोगा कागद तयार झाला, हे मला त्या उणिवेपेक्षा मोठं वाटतं.

धर्मस्वातंत्र्यासाठी अमेरिकेत वेगळा कायदा आधीच होता ना? तो पुरत नाही?

१९९३ चा एक कायदा आहे. सरकारला श्रद्धेवर मोठा भार टाकायचा असेल तर अत्यंत सबळ कारण दाखवावं लागतं, असं तो म्हणतो. १९९७ च्या निकालानंतर तो राज्यांना लागू राहिला नाही, म्हणून अनेक राज्यांनी आपापले कायदे केले. इंडियानाने मार्च २०१५ मध्ये केलेल्या कायद्यावर इतका गदारोळ झाला की आठवड्याभरात तो दुरुस्त करावा लागला.

धर्माच्या आधारे वंशभेदही समर्थिला गेला होता. मग या आक्षेपांना मान का द्यायचा?

साउथ कॅरोलायनातल्या पिगी पार्क नावाच्या उपाहारगृहांच्या मालकाने कृष्णवर्णीयांना आत बसून जेवू न देण्यासाठी श्रद्धेचं कारण दिलं होतं. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कारण उडवून लावलं. आंतरवंशीय विवाहबंदीच्या खटल्यात व्हर्जिनियाच्या खालच्या न्यायाधीशाने, देवाने वंश वेगवेगळ्या खंडांत ठेवले, असं लिहिलं होतं. त्यामुळे समलिंगी माणसांना हा इतिहास आठवतो, यात नवल नाही. दुकानाच्या दारात अपमान होतो तेव्हा तो अपमानच असतो, कारण कितीही सात्त्विक असो.

तरीही मला दोन्ही गोष्टी पूर्ण एक वाटत नाहीत. विवाह स्त्री-पुरुषांचाच, ही धारणा जवळपास सर्व मोठ्या धर्मपरंपरांत शतकानुशतकं आहे. ती समलिंगी माणसांना खाली ठेवण्यासाठी शोधलेली नव्हती. म्हणून विधी, शिकवण, धर्मसंस्थेचं अंतर्गत जीवन यांना भक्कम संरक्षण द्यावं. पण इस्पितळात जोडीदाराला भेटणं, घर भाड्याने मिळणं, नोकरी टिकणं यांत तीच धारणा आडवी आली तर तिला थांबवायलाच हवं.

जनमत घेऊन हा वाद मिटतो का?

विवाहाचा मिटतो, सवलतींचा नाही. आयर्लंडमध्ये मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के लोकांनी होकार दिला. ऑस्ट्रेलियाच्या २०१७ च्या टपाली जनमतात ६१.६ टक्के. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या संसदेत धार्मिक सवलती किती रुंद असाव्यात यावर जोरदार चर्चा झाली. धर्मगुरू आणि नव्याने निर्माण केलेला ‘धार्मिक विवाह-अधिकारी’ हा वर्ग नकार देऊ शकतो, धार्मिक संस्था जागा नाकारू शकतात. सरकारी नोंदणी अधिकारी आणि दुकानदार नाकारू शकत नाहीत.

अशा कायद्याचा मसुदा हातात आला तर काय तपासावं?

आधी व्याख्यांचं कलम वाचा. ‘धार्मिक संस्था’ म्हणजे केवळ प्रार्थनास्थळ, की इस्पितळ, शाळा, नफ्यावर चालणारी कंपनीही? सगळा फरक तिथेच पडतो. मग पाहा की सूट सोहळ्यापुरती आहे की विवाहानंतरच्या आयुष्यालाही लागू आहे. ‘विवाह मान्य करणे’ असे शब्द असतील तर विवाहित जोडप्याला घर नाकारणंही त्यात बसू शकतं. सरकारी कर्मचाऱ्याला सूट असेल तर त्याच्या जागी काम कोण करणार, किती वेळात करणार, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे का ते शोधा. नकार आधी जाहीर करावा लागतो, की जोडप्याला तो खिडकीशीच कळतो? लग्न लावू इच्छिणाऱ्या पंथांना आणि पाद्र्यांनाही तितकंच स्पष्ट संरक्षण आहे का? आणि शेवटी, न्यूयॉर्कच्या २०११ च्या कायद्यासारखं एखादं कलम आहे का, जे सांगतं की धार्मिक सवलतींचा भाग न्यायालयाने रद्द केला तर उरलेला कायदाही टिकणार नाही. अशा कलमाने विवाहाचा हक्क आणि सवलती एकमेकांना बांधल्या जातात. त्यामुळे ते मसुद्यात असेल तर कुणाच्या आग्रहाने आलं हे विचारून घ्यावं.